मंजुरीचा कागद

१९८१ साली महाराष्ट्रात घर बांधायला काढणाऱ्या माणसाला आधी सिमेंटचे परमिट मिळवावे लागे. सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात होते. केंद्राकडून राज्याला कोटा यायचा, राज्याकडून जिल्ह्याला, आणि पुरवठा खात्यात अर्ज टेबलामागून टेबल सरकत शेवटी थोड्याशा गोण्या पदरात पडायच्या. पावसाळ्याआधी स्लॅब पडणार की भिंती उघड्यावर भिजणार, हे त्या परमिटावर ठरायचे. ज्याला थांबणे परवडत नसे तो काळ्या बाजाराची वाट धरी. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सिमेंटसाठी घातलेले हेलपाटे त्याला आजही आठवतात.

अशा टंचाईच्या दिवसांत मंत्रालयातल्या एका सहीने बिल्डरांना हजारो गोण्या मिळू शकत होत्या. ही सही मुख्यमंत्र्यांची होती, आणि ती सही व एका विश्वस्त निधीला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परांशी संबंध आहे, अशी बातमी ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांच्या नावाने छापून आली. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. निधीचे नाव होते इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान.

या प्रकरणाला चार दशके उलटून गेली. तरीही भ्रष्टाचाराच्या तपासाविषयी लिहायचे तर मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. आजच्या प्रत्येक प्रकरणात जो प्रश्न येऊन अडतो तो तिथे पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला. सत्तेवरच्या माणसाची चौकशी करायची तर परवानगी कुणाची घ्यायची? आणि ती परवानगी देणारा त्याच सत्तेचा भाग असेल तर सामान्य नागरिकाने काय करायचे?

अंतुले यांच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ते लोकांना आवडणारे मुख्यमंत्री होते. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचा हा माणूस ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाला आणि निर्णयांचा धडाका सुरू झाला. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या काळातली; आज गावोगावच्या विधवा, अपंग, निराधार म्हाताऱ्यांच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशाची सुरुवात तिथे आहे. कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामकरण त्यांनी केले. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्याच कारकिर्दीत, १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले. फाइल अडवून न ठेवणारा, जागेवर हुकूम सोडणारा मुख्यमंत्री अशी त्यांची ख्याती होती. आपल्याकडे लोकांना असा माणूस भावतो, कारण वर्षानुवर्षे त्यांनी अडलेल्या फायलीच पाहिलेल्या असतात. पण नियमांना फाटा देऊन झटपट काम करणारा हात कधी निराधारासाठी चालतो आणि कधी बिल्डरसाठी. दोन्ही वेळा तो कसा चालला याचा कागद मागण्याचा हक्क लोकांकडे असला पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

प्रतिष्ठानची नोंदणी १९८० च्या ऑक्टोबरमध्ये झाली होती. साहित्य आणि कला क्षेत्रातल्या गुणवंतांना मदत करणे हा त्याचा जाहीर हेतू. देणग्या आल्या त्या बिल्डरांकडून आणि साखर कारखान्यांकडून. बातमी छापून येताच संसदेत गदारोळ झाला. पंतप्रधानांचे नाव असलेला निधी असल्याने दिल्लीलाही हात झटकता येईना. मुंबईत जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि इतरांनी उच्च न्यायालयात रिट याचिका केली. सिमेंटचे वाटप मनमानी पद्धतीने झाले आणि त्यामागे देणग्या होत्या, हे त्यांचे म्हणणे.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे ही सुनावणी झाली. त्यांनी काय तपासले हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्यापुढे ना कुणाचा कबुलीजबाब होता, ना पकडलेल्या नोटा. होत्या त्या तारखा. अमुक बिल्डरचा अर्ज कधी आला, देणगीचा धनादेश कधीचा, वाटपाचा आदेश कधीचा, गोण्या किती आणि रक्कम किती. हे कागद शेजारी शेजारी ठेवले की संबंध दिसू लागतो. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांच्यात देवघेवीचे नाते असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुले यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांत बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. पुढे जे. जे. रुग्णालयातल्या १९८६ च्या भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या बळींची चौकशी करणारे तेच हे लेंटिन. महाराष्ट्राने या न्यायाधीशाची आठवण पुरेशी जपलेली नाही.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: बातमी, याचिका, निकाल, राजीनामा. पाच महिन्यांत मुख्यमंत्री गेला, म्हणून वृत्तपत्रांच्या ताकदीचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. रिट याचिकेत मात्र सरकारी निर्णय कायदेशीर होता की नाही एवढेच ठरते. गुन्हा झाला का, कुणी केला, त्याला शिक्षा कोणती, यासाठी फौजदारी खटला लागतो. खटल्यासाठी तपास लागतो. राज्यात लाचेच्या गुन्ह्यांचा तपास करतो लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. हा विभाग गृह खात्याखाली येतो, आणि गृह खाते मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत. मुख्यमंत्र्यावरच आरोप असताना त्या विभागाने काय करावे, याची सोय कायद्यात नव्हती.

ही कोंडी फोडली रामदास नायक यांनी. वांद्र्याचे, भारतीय जनता पक्षाचे हे नेते. बातमी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबर १९८१ रोजी, त्यांनी राज्यपालांकडे अंतुले यांच्यावर खटला भरण्याची मंजुरी मागितली आणि ११ सप्टेंबरला मुंबईच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद दाखल केली. पोलीस पुढे येत नाहीत तर मी येतो, असा हा पवित्रा. तो राजकीय होता यात शंका नाही. नायक विरोधी पक्षाचे होते आणि त्यांना त्यातून राजकीय फायदा हवा होता. तरीही मला या कृतीचे मोल कमी वाटत नाही. लोकशाहीत विरोधकाचा स्वार्थ आणि लोकांचे हित पुष्कळदा एकाच रस्त्याने चालतात, आणि म्हणूनच विरोधक हवा असतो.

दंडाधिकाऱ्यांनी लाचेच्या कलमांची दखल घ्यायला नकार दिला. कारण मंजुरी नव्हती. लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला चालवायचा तर त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार असलेल्याची आधी लेखी मंजुरी लागते. या तरतुदीमागचा हेतू चांगला आहे. एखाद्या अधिकाऱ्याने कठोर निर्णय घेतला की दुखावलेला माणूस उद्या त्याला कोर्टात खेचेल, रोज नवी फिर्याद येईल, आणि भीतीने कुणी सहीच करणार नाही. प्रामाणिक माणसाला हे कवच हवेच. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत मंजुरी देणार राज्यपाल. पण राज्यपाल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे मुख्यमंत्र्यावर खटला भरायचा की नाही, याचा सल्ला मुख्यमंत्र्याचेच मंत्रिमंडळ देणार?

उच्च न्यायालयाने सांगितले की या एका प्रश्नावर राज्यपालांनी मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ जुलै १९८२ रोजी तिथे त्याचे अपील फेटाळले गेले. त्याच दिवशी राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांनी मंजुरी दिली. फिर्यादीपासून मंजुरीपर्यंत जवळजवळ अकरा महिने गेले होते. या काळात अंतुले पायउतारही झाले होते.

त्यानंतर जे घडले ते आपल्या न्यायव्यवस्थेचा एक असाधारण अध्याय आहे. मंजुरी मिळाल्यावर नायक यांनी ९ ऑगस्ट १९८२ रोजी विशेष न्यायालयात पुन्हा फिर्याद केली. खाजगी माणसाला अशी फिर्याद करताच येत नाही, असा आक्षेप आला. तो फेटाळला गेला. मग नवा मुद्दा पुढे आला: अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक आहे, म्हणून विधानसभेची मंजुरी हवी. २५ जुलै १९८३ रोजी विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांनी हा मुद्दा मान्य केला आणि अंतुले यांना आरोपमुक्त केले. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले. राम जेठमलानी त्यांचे वकील होते.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन निकाल दिले. त्या दोन निकालांत माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे सार आहे. पहिला असा: ज्या पदाचा दुरुपयोग झाला ते पद आरोपीकडे आता नसेल तर मंजुरीची गरज नाही, आरोपी दुसऱ्या एखाद्या पदावर बसला आहे म्हणून कवच मिळत नाही. दुसरा असा: लाचेच्या गुन्ह्याची फिर्याद घेऊन कोणताही नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. गुन्हा समाजाविरुद्ध असतो, तेव्हा तो न्यायालयाच्या नजरेस आणून देण्याचा अधिकार समाजातल्या कुणालाही आहे. कायद्याने विशेष मनाई केली असेल तरच तो दरवाजा बंद होतो.

हे वाक्य लिहिताना आजही मला उमेद वाटते. कुठल्याही गावातल्या, कुठलेही पद नसलेल्या माणसाला हा अधिकार मिळाला. पोलीस ठाण्यात दाद मिळाली नाही, मंत्रालयात पत्राची पोच मिळाली नाही, तरी न्यायालयाची पायरी त्याच्यासाठी उघडी राहिली.

घटनापीठाने त्याच दिवशी आणखी एक आदेश दिला आणि पुढचा घोळ त्यातून झाला. खटला रेंगाळला आहे, तो विशेष न्यायालयातून काढून थेट उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे रोजच्या रोज चालवा, असे सांगितले गेले. हेतू खटल्याला वेग देण्याचा होता. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती डी. एन. मेहता यांच्यापुढे ५७ साक्षीदार तपासले गेले. काही आरोप ठेवले गेले, काही ठेवले गेले नाहीत. त्यावर पुन्हा अपील झाले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी आरोप ठेवायला सांगितले. न्यायमूर्ती पी. एस. शाह यांनी ७९ आरोप निश्चित केले. आणि मग २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले की १९८४ चा बदलीचा आदेशच चूक होता. कायद्यानुसार असे खटले फक्त विशेष न्यायाधीश चालवू शकतात. उच्च न्यायालयात चालवला तर आरोपीचा अपिलाचा एक टप्पा बुडतो. स्वतःच्या चुकीने कुणावर अन्याय झाला असेल तर न्यायालयाने ती सुधारली पाहिजे. खटला पुन्हा विशेष न्यायालयाकडे गेला. ज्या ५७ साक्षीदारांनी साक्ष दिली होती त्यांचे सगळे कष्ट वाया गेले.

न्यायाच्या दृष्टीने १९८८ चा निकाल बरोबर होता असे मला वाटते. आरोपी कितीही मोठा असो, त्याला कायद्याने दिलेला टप्पा कुणी काढून घेऊ नये. पण ज्या वाचकांनी १९८१ मध्ये ती बातमी वाचली होती त्यांच्या बाजूने हा निकाल वाचला, तर मन विषण्ण होते. पुढे अंतुले यांनी खटला फार लांबला म्हणून तो रद्द करा अशी मागणी केली. १० डिसेंबर १९९१ रोजी आणखी एका घटनापीठाने जलद सुनावणी हा प्रत्येक आरोपीचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, त्याची सूत्रे घालून दिली आणि खटला रद्द करायला मात्र नकार दिला. आज देशातल्या कुठल्याही कोपऱ्यात, तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्याच्या वतीने वकील जेव्हा उशिराचा मुद्दा मांडतात तेव्हा ‘अंतुले खटला’ असा दाखला देतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे नाव तीन वेगवेगळ्या तत्त्वांसाठी पाठ करावे लागते.

शिक्षा मात्र अंतुले यांना कधीच झाली नाही. ते पुन्हा लोकसभेवर निवडून गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाले, आणि २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. रामदास नायक त्याच्या वीस वर्षे आधी, २५ ऑगस्ट १९९४ रोजी, वांद्र्यात भर रस्त्यात गुंडटोळीच्या गोळ्यांना बळी पडले. त्या हत्येचा या खटल्याशी संबंध नव्हता. ज्या नागरिकाने कायद्यात एवढी मोठी वाट पाडली त्याचे नाव आज किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आता त्या वाटेचे पुढे काय झाले ते पाहू.

२०१६ मध्ये महाराष्ट्राने फौजदारी प्रक्रिया संहितेत राज्यापुरती दुरुस्ती केली. तक्रारदार दंडाधिकाऱ्याकडे गेला आणि लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश मागितला, तर दंडाधिकाऱ्याला आधी मंजुरी हवी, असे त्या दुरुस्तीने ठरवले. सक्षम अधिकाऱ्याने ९० दिवसांत निर्णय घ्यायचा, न घेतल्यास मंजुरी मिळाली असे धरायचे. इथपर्यंत एक वेळ समजू शकते.  

२०१८ मध्ये केंद्राने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाच बदलला. दोन बदल महत्त्वाचे. एक, पद सोडलेल्या वा निवृत्त झालेल्या लोकसेवकालाही मंजुरीचे कवच दिले गेले. गुन्ह्याच्या वेळी तो ज्या पदावर होता त्या पदाच्या संदर्भात आता मंजुरी लागते. म्हणजे १९८४ च्या पहिल्या निकालाने नायक यांच्या बाजूने जे ठरले होते ते कायद्यानेच पुसले गेले. दुसरा बदल कलम १७ अ. लोकसेवकाने अधिकारात केलेल्या शिफारशी किंवा घेतलेल्या निर्णयाबाबत कोणतीही चौकशी सुरू करण्यापूर्वीच सरकारची परवानगी हवी. मुदत तीन महिने, कारण देऊन आणखी एक. पूर्वी मंजुरी लागायची ती खटल्यासाठी, तपास पूर्ण झाल्यावर. आता पहिला प्रश्न विचारण्यासाठीही परवानगी घ्यावी लागते. असेच कवच केंद्रातल्या सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना पूर्वी दिलेले होते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केले होते. चार वर्षांनी ते सर्व पातळ्यांवरच्या लोकसेवकांसाठी परत आले. त्यामुळे फक्त वरिष्ठांना झुकते माप दिले, हा आक्षेप वरवर पाहता उरला नाही.

वरवर पाहता असे म्हणतो, कारण या कलमाला एक अपवाद आहे: लाच घेताना जागेवर पकडलेल्यासाठी परवानगी लागत नाही. म्हणजे सापळा लावता येतो. सापळा म्हणजे काय हे आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. तक्रारदार १०६४ वर फोन करतो किंवा कार्यालयात येतो. पंचांना बरोबर घेऊन लाचेच्या मागणीची पडताळणी होते, संभाषण नोंदवले जाते. नोटांचे क्रमांक लिहून त्यांना अँथ्रासीन पावडर लावतात. नोटा हातात पडल्या की इशारा होतो, पथक येते आणि अतिनील दिव्याखाली बोटे चमकतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते: सातबाऱ्यावर नोंद करण्यासाठी लाच घेताना तलाठी जाळ्यात. महसूल आणि पोलीस ही खाती या कारवायांत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर असतात.

या सापळ्यांना मी कमी लेखत नाही. नोंदीसाठी पैसे द्यावे लागलेल्या शेतकऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते, आणि तक्रार करणाऱ्याला पुढे त्याच कार्यालयात जायचे असते, त्यामुळे त्याला धैर्य लागते. लाच देणेही आता गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावे लागते. तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी इतर पुराव्यावरून शिक्षा होऊ शकते, असे डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने सांगितले, ही चांगली गोष्ट झाली. पण सापळा लागतो तो हातात नोटा घेणाऱ्याला. धरणाचे सुधारित अंदाजपत्रक मंजूर करणारा, भूखंडाचे आरक्षण बदलणारा, कंत्राटाच्या अटी फिरवणारा हात नोटांना शिवत नाही. त्याचा गुन्हा असेल तर तो फायलीत असतो, निर्णयाच्या रूपात असतो. आणि निर्णयाच्या चौकशीला १७ अ खाली आधी परवानगी लागते. कायद्याच्या रचनेतूनच तलाठी सापडतो आणि त्याच्या वरचे मोकळे राहतात. लोकांना हे कलम ठाऊक नसेल, पण परिणाम त्यांनी ओळखलेला आहे. एसटी स्टँडवर चहा पिताना ‘छोटे मासे’ असे जे म्हटले जाते ते यालाच.

सिंचनाचे प्रकरण घ्या. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दहा वर्षांत सिंचनाखालील क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि त्याच काळातला खर्च सुमारे ७० हजार कोटी रुपये असल्याचे पुढे आले. सरकारने श्वेतपत्रिका काढून हा हिशेब अमान्य केला, वाढ याहून बरीच जास्त असल्याचे सांगितले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी आतून पत्रे लिहिली. गोसीखुर्दचे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी झाले: वैनगंगेवरचा हा प्रकल्प ३७२ कोटींच्या अंदाजाने सुरू झाला आणि खर्चाचा अंदाज साडेसात हजार कोटींच्या पुढे गेला. नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने शपथपत्र देऊन तत्कालीन जलसंपदा मंत्री अजित पवार यांचा हस्तक्षेप आणि जबाबदारी असल्याचे म्हटले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने, नव्या महासंचालकांच्या सहीने, त्यांच्यावर जबाबदारी येत नाही असे शपथपत्र त्याच न्यायालयात दिले. कागद तेच आणि विभाग तोच. बदलले होते ते सरकार आणि विभागाचे प्रमुख. दोन्हींपैकी कोणते शपथपत्र खरे याचा निवाडा मी करू शकत नाही. पण ज्या तपास यंत्रणेला वर्षभरात एकाच प्रश्नाची दोन उलट उत्तरे देता येतात, तिच्या कोणत्याच उत्तरावर नागरिकाने विसंबून का राहावे? निर्दोष माणसाचेही यात नुकसान आहे, कारण अशा निर्दोषत्वावर कुणी विश्वास ठेवत नाही.

कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीचे असेच. ३१ मजल्यांच्या या इमारतीवरून नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. सीबीआयने जानेवारी २०११ मध्ये गुन्हा नोंदवला. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी खटल्याला मंजुरी नाकारली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ती दिली. २२ डिसेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण मधल्या काळात न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा पुढे आला नव्हता. आरोप खरे की खोटे, यावर साक्षीपुराव्यानिशी निर्णय झालाच नाही. सात वर्षे मंजुरीच्या कागदाभोवतीच गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण त्या पक्षात गेले, ज्याने ‘आदर्श’वरून त्यांच्यावर सर्वाधिक टीका केली होती, आणि राज्यसभेवर निवडून आले. सर्वसामान्य मतदाराने यातून काय समजायचे, हे मला कुणा राजकीय नेत्याने मतदाराच्या डोळ्यांत पाहून सांगितलेले ऐकायचे आहे.

सगळीकडे असेच घडते असे मात्र नाही, आणि हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. जळगावात घरकुल योजनेत अकरा हजारांवर घरे बांधायची होती. दीड हजारांच्या आसपास झाली. महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये स्वतः फिर्याद दिली. सुमारे २९ कोटींच्या अपहाराचा आरोप. तपास कित्येक वर्षे थंड राहिला. २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सर्व ४८ आरोपींना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड. निकालाविरुद्ध अपील झाले, जामीनही मिळाला. तरीही एका जिल्ह्याच्या ठिकाणी, ज्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे अशा माणसांविरुद्ध पुरावा उभा राहिला आणि न्यायालयाने तो तपासला. हे शक्य झाले कारण आतला एक अधिकारी फिर्यादी झाला आणि कागदपत्रे त्याच्या ताब्यात होती. बाहेरच्या माणसाला तेच कागद मिळवायला माहितीचा अधिकार लागतो. आणि त्या अधिकाराची किंमत काय असते ते तळेगाव दाभाड्याने पाहिले आहे. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी जमिनीचे व्यवहार उघडकीला आणणाऱ्या एका कार्यकर्त्याला तिथे भर रस्त्यात कापून काढण्यात आले.

लोक उदासीन झाले आहेत असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे यांच्यासाठी गावोगाव मेणबत्त्या पेटल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या मैदानावर गर्दी झाली नाही, याचा दाखला दिला जातो. मला ते निदान पटत नाही. लोकांना काळजी आहे. घोटाळ्याची बातमी आली की आधी आरोपीचा पक्ष विचारला जातो आणि मग तो कधी पक्ष बदलेल याचा अंदाज बांधला जातो. यात कडवटपणा आहे, बेफिकिरी नाही. १९८१ मध्ये लोकांना वाटत होते की गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा होईल. आज लोक विचारतात की चौकशी आत्ताच का सुरू झाली. हा प्रश्न तपास यंत्रणांनी आपल्या वागण्याने ओढवून घेतला आहे.

महाराष्ट्राने लोकायुक्त संस्था देशात सर्वांत आधी उभी केली, १९७१ च्या कायद्याने. त्या कायद्यात तिला शिफारशींपलीकडे अधिकार नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने नवे लोकायुक्त विधेयक मंजूर केले. त्यात मुख्यमंत्रीही येतात म्हणून स्वागत झाले. पण मुख्यमंत्र्याची चौकशी करण्यापूर्वी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी अशी अट त्यात आहे. २८८ च्या सभागृहात १९२. सरकार असते तेव्हा बहुमत सरकारकडेच असते. १९८० च्या निवडणुकीत काँग्रेसचे १८६ आमदार निवडून आले होते, विरोधक आणि अपक्ष सगळे मिळून १०२. ही अट असती तर सिमेंटच्या वाटपाची चौकशी करायला स्वतः मुख्यमंत्र्यांच्या पक्षाच्या किमान ९० आमदारांचे हात वर व्हायला हवे होते.

मंजुरीची तरतूद रद्द करा असे मी म्हणणार नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला ती हवी आहे. पण देणाऱ्याने ती का दिली किंवा का नाकारली हे लेखी, कारणांसह आणि ठरलेल्या दिवसांत सांगितले पाहिजे.  लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या महासंचालकाला ठरावीक मुदत मिळावी, सरकार बदलले म्हणून त्याची बदली होऊ नये. आणि दर अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर एक तक्ता ठेवला जावा: १७ अ खाली किती परवानग्या मागितल्या, कोणत्या हुद्द्यासाठी, किती दिल्या, किती नाकारल्या, किती मुदत उलटूनही पडून आहेत, आणि नाकारणाऱ्याचे नाव काय.